लेकरू म्हणतं, हे थांबव

सूर्यमाळहून आम्ही बोलतोय. पाऊस उघडलाय, वरई कापायला आलीय, तेव्हा कुणी रेडिओ शेतावर नेला असेल तर हातातलं काम थांबवू नका, ऐकता ऐकता करा. आजूबाजूला पोरं असतील तर त्यांनाही हाकलू नका. आजचं बोलणं त्यांच्याविषयीच आहे.

मागच्या वेळी आपण मुलींच्या पाळीवर बोललो. त्यानंतर खोडाळ्याला बाजाराच्या दिवशी एका बाईंनी आमच्यातल्या दोघींना बाजूला बोलावलं. नाव, पाडा सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. त्यांची मुलगी सातवीत, आश्रमशाळेत राहते. उन्हाळ्यात घरी असताना तिला पाळी आली. तेव्हापासून ती धड जेवत नाही. एक दिवस विळ्याने स्वतःचे केस कापून घेतले. आईने मारलं, तर रडली नाही. रात्री म्हणाली, “आई, मी मुलगी नाही. हे थांबव.” जगायला भिवंडीकडे गेलेल्या मामाच्या मोबाईलवर तिने कुठेतरी पाहिलं होतं, की वयात येणं थांबवायचं इंजेक्शन असतं.

आई आम्हाला विचारत होत्या, असं इंजेक्शन खरंच आहे का? मोखाड्याला मिळतं का? आणि असलं, तर द्यावं का?

आम्ही डॉक्टर नाही. बचत गटातल्या बाया आहोत. आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून महिनाभर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आपसात भांडलोसुद्धा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी निघाली. असं इंजेक्शन आहे. आणि आपल्या इथे असं मागितलं आणि मिळालं, असं होत नाही. त्यासाठी ग्रंथींचे तज्ज्ञ डॉक्टर लागतात, ते नाशिक-मुंबईसारख्या मोठ्या शहरात. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मोठमोठ्या देशांचे डॉक्टरही अजून एका मताचे नाहीत.

आधी ते औषध काय करतं ते समजून घेऊ. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वय झालं की वरून मेंदू तिला थांबून थांबून निरोप धाडतो. त्या निरोपावर ती पुढे हुकूम सोडते आणि मग मुलीच्या अंडाशयाचं, मुलाच्या वृषणाचं काम सुरू होतं. मुलीची छाती भरते, पाळी येते. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येतं. हे इंजेक्शन निरोप बंद करत नाही. उलट तो एकसारखा वाजत ठेवतं. आश्रमशाळेतली घंटा वेळेवर वाजली तर पोरं उठतात. तीच घंटा दिवसभर घणघणत राहिली, तर कोण लक्ष देईल? तसंच ती ग्रंथी लक्ष द्यायचं सोडून देते आणि वयात येणं थांबतं. इंजेक्शन महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. बंद केलं की काही काळाने शरीर पुन्हा आपल्या वाटेने चालू लागतं.

हे औषध काही आजचं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला पाळी येते, अशी काही लेकरं असतात. त्यांच्यासाठी ते १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्या कामासाठी त्याच्यावर फारसा वाद नाही. मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आत वयात यायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हे औषध सांगितलं तर मोबाईलवरचं काहीबाही ऐकून बंद करू नका. आणि एक, आपण नवरात्राला नाहीतर लग्नाला पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणतो, ती ही नव्हे. ती गोळीसुद्धा आपण किती सहज गिळतो, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

आता वादाकडे येऊ. काही लेकरं अशी असतात की त्यांचं अंग मुलीचं, पण मन ठामपणे म्हणतं मी मुलगा. किंवा याच्या उलट. मराठीत आता त्यांना पारलिंगी म्हणतात. अशा लेकरांना वयात येण्याचा काळ फार कठीण जातो, कारण नको असलेलं शरीर रोज थोडं थोडं अंगावर चढत जातं. १९९० च्या दशकात हॉलंडमधल्या डॉक्टरांनी विचार केला, यांना थोडा वेळ मिळवून देऊ. शरीर जागच्या जागी थांबेल, लेकरू शांतपणे ठरवेल. नंतर त्याचं मत बदललं तर इंजेक्शन बंद. नाही बदललं, तर फुटलेला आवाज किंवा भरलेली छाती घेऊन पुढे मोठी ऑपरेशनं करायची वेळ येणार नाही. आम्हाला वाचताना हे पटलं. आमच्यातल्या दोघींना तर लगेच पटलं.

मग हे बऱ्याच देशांत गेलं. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी लंडनला टॅव्हिस्टॉक नावाच्या संस्थेत एक केंद्र होतं. २०११-१२ साली तिथे अडीचशेपेक्षाही कमी मुलं पाठवली गेली. दहा वर्षांनी, २०२१-२२ मध्ये, पाच हजारांच्या वर. आधी त्यात जन्माने मुलगे जास्त असायचे, नंतर मुली जास्त झाल्या. हे असं का झालं, यावर भांडण सुरू झालं. कुणी म्हणे, पूर्वी लाजेनं गप्प बसायची ती आता बोलू लागली. कुणी म्हणे, वयात येणाऱ्या मुलींची दुसरी दुःखं याच एका नावाखाली घातली जातायत.

त्या केंद्रातल्या १२ ते १५ वर्षांच्या ४४ मुलांचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यातल्या ४३ जणांनी थांबवणाऱ्या इंजेक्शनानंतर पुढची, म्हणजे दुसऱ्या लिंगाची हार्मोन्स घ्यायचं ठरवलं. फक्त एकाने नाही. आमचं मोठं भांडण याच आकड्यावरून झालं. एकीचं म्हणणं, बघा, डॉक्टरांनी मुलं बरोबर ओळखली होती, कुणाचंच मन फिरलं नाही. दुसरी म्हणाली, वेळ मिळावा म्हणून दिलं ना? मग ४४ जणांनी विचार केला आणि ४३ एकाच दारातून बाहेर पडले, तर तो वेळ होता की उतार? उतारावर पाय ठेवला की थांबता येत नाही. दोघींचंही म्हणणं आम्हाला खोडता आलं नाही. तिकडच्या डॉक्टरांनाही अजून खोडता आलेलं नाही.

त्याच अभ्यासात दिसलं की इंजेक्शन चालू असताना त्या मुलांची हाडं त्यांच्या वयाच्या इतर मुलांइतकी भरत नव्हती. हाडं भरायचा मुख्य काळ वयात येण्याचाच असतो. शिवाय हे औषध अगदी सुरुवातीला दिलं आणि त्यालाच लागून पुढची हार्मोन्स दिली, तर पुढे स्वतःचं मूल होण्याची शक्यता जाऊ शकते. बारा वर्षांच्या लेकराला विचारायचं, तुला पुढे पोरं हवीत का? आपल्याकडे त्या वयाच्या पोराला उद्या शाळेत जायचं की नाही, एवढंच ठरवता येतं.

इंग्लंड सरकारच्या आरोग्यसेवेने हिलरी कॅस नावाच्या मुलांच्या डॉक्टरबाईंना सगळं तपासायला सांगितलं. त्यांचा शेवटचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. त्यांनी म्हटलं, या औषधाने भलं होतं की बुरं, हे सांगणारा पुरावा फार कच्चा आहे. मुलांकडे सगळ्या बाजूंनी बघा, त्यांच्या मनाचं, घरचं, शाळेचं काय चाललंय तेही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने या कारणासाठी नव्या मुलांना हे औषध द्यायला मुदत न ठरवता बंदी घातली. फिनलंड, स्वीडननेही त्याआधीच हात आखडता घेतला होता. पण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये नियमावली काढली, त्यात नीट तपासून, एकेका मुलाचा विचार करून देण्याची वाट उघडी ठेवली. अमेरिकेत हा दवाखान्यातला प्रश्न राहिलाच नाही, निवडणुकीतला झाला. निम्म्याच्या आसपास राज्यांनी बंदीचे कायदे केले आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा तसा कायदा कायम ठेवला, सहा न्यायाधीश एका बाजूला, तीन दुसऱ्या.

दोन्हीकडची माणसं आहेत, हे लक्षात घ्या. किरा बेल नावाच्या तरुणीने सोळाव्या वर्षी हे औषध घेतलं, पुढे छातीचं ऑपरेशन केलं, नंतर तिला पस्तावा झाला आणि ती कोर्टात गेली. आणि हे औषध मिळालं म्हणून आमचं लेकरू जिवंत राहिलं, असं सांगणारे आईबापही आहेत. दोघांनाही खोटं ठरवायची घाई आम्ही करणार नाही.

आता आपल्या डोंगरावर या. हे जे अभ्यास झाले, ते हॉलंड-इंग्लंडमधल्या पोटभर जेवणाऱ्या मुलांवर. आपल्या मोखाडा-जव्हारकडची पोरं कशी वाढतात ते अंगणवाडीताईच्या वजनकाट्याला विचारा. जिथे पोटाला कमी, तिथे मुली मुळातच उशिरा वयात येतात आणि हाडं आधीच बारीक. अशा लेकराची हाडं भरायची वर्षं थांबवली तर काय होईल, हे त्या अभ्यासांत कुणी पाहिलेलं नाही. म्हणून त्या ताईंना आमचं सांगणं असं की, आज या इंजेक्शनाच्या मागे धावू नका. हे आमचं मत आहे. तज्ज्ञ डॉक्टर तुमच्या लेकराला तपासून वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, पण हाडांचं आणि पुढे मूल होण्याचं काय, एवढे दोन प्रश्न तोंडाने विचारा.

धावू नका म्हटलं म्हणजे विषय संपला असं नाही. मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या सोयीने हात घालायची घाई आपल्याकडेही झालेली आहे. १९९४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं? ज्यांना पाळीचे कपडे धुवावे लागत होते, त्यांची सोय पाहिली गेली. तेव्हापासून आपल्याला एक विचारायची सवय लागायला हवी होती: हे कोण मागतंय, लेकरू की आपण?

केरळच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमकं हेच विचारलं. सात वर्षांच्या एका लेकराचं लिंग जन्मतः स्पष्ट नव्हतं. आईबापांना ऑपरेशन करून त्याला मुलगी करायचं होतं. न्यायालय म्हणालं, लेकराच्या संमतीशिवाय असं करणं त्याच्या हक्कावर घाला आहे. जिवाला धोका असेल तर वेगळं, आणि ते तज्ज्ञांची समिती ठरवेल. आईबाप वाईट नव्हते हो. त्यांना लोकांची भीती वाटत होती. आपल्याला वाटते तशीच.

आपल्या बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. त्यांना मुलगी म्हणून वाढवलं, ललिता म्हणून त्या पोलिसात लागल्या. २०१७ मध्ये त्यांनी ऑपरेशनसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, मग उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि नोकरीही टिकली. त्यांच्या शरीराची घडणच तपासणीत वेगळी निघाली होती, त्यामुळे त्यांची गोष्ट या मुलीला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण तीस वर्षांचं होईपर्यंत माणूस आतल्या आत काय घेऊन फिरतं, ते त्यातून कळतं.

आमच्या गटात एक म्हातारी आहे, सगळ्या तिला आया म्हणतात. हे सगळं वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मलाबी पोरगाच व्हायचं होतं.” आम्ही हसलो. ती म्हणाली, “हसता काय? भाऊ शाळेत, मी हंडा घेऊन विहिरीवर. पाळी आली की बाहेर बसायचं. चौदाव्या वर्षी लगीन. कोणाला वाटंल बाई व्हावं?” मग थोडं थांबून म्हणाली, “पण मला त्यांचं सुख पाहिजे होतं. त्यांचं अंग नको होतं.”

ताई, आम्हाला वाटतं, तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच आधी हळूहळू समजून घ्यायचं आहे. तिला मुलगी असण्याचा जाच नकोय, की मुलगी असणंच नकोय? पहिलं असेल तर औषध आपल्याच हातात आहे. पाळीत बाहेर बसवणं बंद करा, पॅड द्या, पोटात दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, लग्नाचा विषय घरात काढू नका. अठराच्या आत लग्न कायद्याने गुन्हाच आहे, आणि “लगीन केलं की सुधारंल” हे तर अशा लेकराला विहिरीत ढकलण्यासारखं आहे. कुणी तिच्या अंगाला हात तर लावत नाही ना, हेही जवळ घेऊन विचारा. पोरी तोंडाने सांगत नाहीत, केस कापून सांगतात.

आणि दुसरं असेल, म्हणजे वर्षामागून वर्ष ती हेच म्हणत राहिली, तर ती खोटं बोलत नाही. तो आजार नाही, बाधा नाही. भगताकडे नेऊ नका, कोंबडं वाया जाईल आणि लेकराचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. मन पालटून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही नेऊ नका. देशातल्या डॉक्टरांच्या सर्वोच्च आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचाराला गैरवर्तन ठरवलं आहे. २०१९ च्या कायद्यात पारलिंगी माणसाला घरातून, गावातून हाकलणं हा गुन्हा धरला आहे, आणि केवळ पारलिंगी आहे म्हणून लेकराला आईबापांपासून तोडायचं नाही, असंही म्हटलं आहे.

आपल्याला हे सगळं नवीन वाटतं, पण बोहाड्यात बघा. गडी माणूस देवीचा मुखवटा चढवतो, लुगडं नेसतो, संबळ वाजते आणि अख्खं गाव त्याच्या पाया पडतं. ते सोंग असतं, सकाळी उतरतं, म्हणून आपल्याला चालतं. न उतरणारं असलं की आपण दगड उचलतो.

आम्ही उचललेत. हेही सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच एका पाड्यावर एक पोरगा होता. बायांत बसायचा, नागली दळायचा, ओव्या म्हणायचा. आम्ही त्याला हाका मारायचो, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. त्याच्या बापाने त्याला झाडाला बांधून मारलं, तेव्हा आम्ही आपापल्या घरात होतो. पंधरा-सोळाचा असताना तो कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसला. त्याची आई मरेपर्यंत दिवाळीला दाराकडे बघायची. त्याच्या वेळी असलं इंजेक्शन कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याला त्याची गरज होती असंही नाही. त्याला एक घर हवं होतं जिथे तो जेवायला बसू शकला असता.

तर ताई, दिवाळीच्या सुट्टीत लेकरू घरी येईल. आम्ही मुद्दाम लेकरू म्हणतोय. आपल्या भाषेत मूल, लेकरू, पोर यांना “ते” म्हणायची सोय आहे, ती काही दिवस वापरा. ते आलं, ते जेवलं. त्याने लेकराला थोडी उसंत मिळेल, आणि तुम्हालाही. केस आखूड ठेवायचे म्हणाली तर ठेवू द्या, केस पुन्हा वाढतात. भावाची पॅन्ट घातली तर घालू द्या. मेडिकलमधून कसल्याही गोळ्या आणून घेऊ नकोस, एवढं मात्र बजावा. मोबाईलवर बघून शहरातली पोरं गर्भनिरोधक गोळ्या खातात, हार्मोन्स खातात, त्यात जिवाला धोका असतो. शाळेत झोपायला, आंघोळीला कुणी त्रास देतंय का ते विचारा. देत असतील तर सांगा, आमच्यातली एक तुमच्याबरोबर येईल. बाईंशी बोलायला दोन तोंडं असली की बरं.

जेवण असंच कमी राहिलं, किंवा मरायची भाषा निघाली, तर थांबू नका. आशाताईला सांगून सरकारी दवाखान्यात न्या, आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगा. रात्री-अपरात्री असेल तर १४४१६ वर फोन लावा, ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: १४४१६ आणि १०९८. सूर्यमाळला रेंज कुठे लागते ते तुम्हाला ठाऊक आहेच, टेकाडावर जावं लागेल, पण जा. मुंबईला केईएम रुग्णालयात ग्रंथींच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. तिथपर्यंत जायची वेळ आली तर गाडीभाड्याचं गट बघेल, ते मागच्या बैठकीत ठरलंय.

आया विचारत होती, ते लेकरू घरी आलं की तिच्याकडे पाठवाल का. तिला वरई झोडायला कुणीतरी हवंय, आणि तिच्याकडे कात्री चांगली आहे. विळ्याने कापलेले केस नीट करून देईन म्हणाली.